वांध्याचा चौकोन

तो कागद कोणत्याच टेबलावर मावेना. शेवटी अकोल्याच्या पेढीत गाद्या गुंडाळून भिंतीशी लावल्या, लोड कोपऱ्यात रचले आणि कागद फरशीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर काट्याची वजनं ठेवली. आम्ही चपला बाहेर काढून त्याच्या कडेकडेनं बसलो. मुंबईहून आलेले साहेब मात्र मोज्यांनिशी कागदाभोवती फिरत होते आणि हातातल्या पट्टीनं एकेक चौकोन दाखवत होते.

त्या कागदानं माझ्या जिनाचं आणि माझं काय केलं ते मला सांगायचं आहे. बरीच वर्षं झाली. राग तसा थकला आहे, पण गेलेला नाही. तो जाईल असंही वाटत नाही.

मी माळ्याच्या घरचा. आई अमरावतीच्या भाजीबाजारात बसायची आणि शाळा सुटली की मी तिच्याजवळ. गिऱ्हाईक वांगं हातात घेतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, अंगठ्याकडे पाहायचं, हे तिनं शिकवलं. घ्यायचं असेल तर अंगठा दाबतो. नुसतं बोलायचं असेल तर बोटं फिरतात. एवढ्या शिदोरीवर मी पुढं कापसात शिरलो. आधी एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गाड्या रिकाम्या करायला होतो, मग काट्यावर, मग अडत्याबरोबर बाजारात. ज्या पेढीची ही गोष्ट, तिनं मला अमरावतीला खरेदीदार म्हणून धरलं तेव्हा तिथं पेढीचा जिन नव्हता. गावाबाहेर एक बंद पडलेला जिन होता, पत्रे उडालेला. तो घ्यायला शेटजींना मी लावलं. भाव मीच पाडला. पत्रे मीच उभा राहून ठोकून घेतले. त्यामुळं तो माझा जिन, असं मी म्हणायचो, आणि शेटजी ऐकून हसायचे.

पेढी मोठी होती. मुख्य कारभार अकोल्यात, तिथंच दोन जिन आणि गठाणी दाबायचा प्रेस. तेल्हाऱ्याला आणि बार्शीटाकळीला हंगामापुरती खरेदी. आणि अमरावती. सगळ्यात लांबची शाखा म्हणून आमच्याकडं आधीपासूनच संशयानं पाहिलं जायचं.

मग शेटजींचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकले शेट म्हणायचो, त्यांनी पंचकार्डाचं यंत्र आणायचं ठरवलं. मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी ते पाहिलं होतं. जाड कागदाच्या कार्डावर ठरल्या जागी भोकं पाडायची, कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालायचा, की यंत्र कार्डं वेगळी करतं, बेरजा करतं आणि तक्ता छापून देतं. यंत्र भाड्यानं मिळायचं. त्यासाठी जिनापासून दूर, कापसाचे तंतू उडणार नाहीत अशा जागी खोली बांधली, खिडक्यांना दुहेरी पडदे लावले. हमालांनी त्याला भोकाचं मशीन असं नाव ठेवलं आणि तेच चाललं.

यंत्राबरोबर धाकल्या शेटांनी त्या साहेबांनाही आणलं. ते मूळचे पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आज रागातसुद्धा म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की यंत्र आणून खोलीत ठेवलं की काम होत नाही. धंदा एका तोंडानं बोलतो, कचेरी दुसऱ्या, आणि यंत्राला तर बोलताच येत नाही. म्हणून आधी सगळ्या धंद्याचा एक आराखडा काढायचा. कागदावर आडव्या ओळी चार: वर मालकाला काय हवं, खाली कचेरी ते कसं चालवते, त्याखाली हातानं काम करणारे काय करतात, आणि सगळ्यात खाली यंत्राला काय लागतं. उभे रकाने सहा: काय, कसं, कुठं, कोण, कधी, का.

"वरून खाली एक दोरा सोडला, तर तो प्रत्येक ओळीतून सरळ गेला पाहिजे," साहेब म्हणाले. "मध्ये कुठं तुटला, तर यंत्र चुकीच्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर देईल."

मला हे पटलं होतं. खोटं कशाला सांगू. धंद्यात मी आयुष्यभर हेच पाहिलं होतं, की वरच्याला एक हवं असतं आणि खालचा दुसरंच करून ठेवतो.

मग चौकोन भरायला सुरुवात झाली. साहेब विचारायचे, आम्ही सांगायचो, त्यांचा कारकून पेन्सिलनं लिहायचा. कापूस कोण पाहतो, काटा कोण करतो, सरकी कुठं जाते. फिरत फिरत ते एका चौकोनाशी थांबले.

"भाव कधी ठरतो?"

मी म्हटलं, "हर्रासात."

आमच्याकडं लिलावाला हर्रास म्हणतात. सकाळी बाजारात गाड्यांच्या रांगेतून फिरत बोली होते, ती मी सांगत होतो.

अकोल्याचे खरेदीदार माझ्या समोरच बसले होते. वयानं माझ्याएवढेच, पान खाणारे, आवाज गोड. तेही म्हणाले, "हर्रासात." तेल्हाऱ्याचे म्हणाले, हर्रासात. बार्शीटाकळीचे म्हणाले, हर्रासात.

"म्हणजे तिथं ठरलेला भाव शेवटचा?"

"शेवटचा," सगळे म्हणाले.

हे खरं नव्हतं आणि हे खोलीतल्या साहेबांखेरीज प्रत्येकाला माहीत होतं. धाकल्या शेटांनाही असावं.

कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरलेली असते तेव्हा खरेदीदाराचा हात कोपरापर्यंत आत जातो. तिथून मूठ काढायची, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून पाहायचा, आणि बोलायचं. कोपराच्या खाली काय आहे ते देवाला ठाऊक आणि शेतकऱ्याला. जिनात बंडी रिकामी होते तेव्हा तळ दिसतो. तळाला कधी दहिवरानं ओला झालेला कापूस निघतो, कधी पिवळा पडलेला किडका कापूस, म्हणजे कवडी. कधी उलटं होतं, वर साधा माल आणि खाली पहिल्या वेचणीचा दुधासारखा. मग भाव पुन्हा बोलावा लागतो. याला वांधा म्हणतात. वांधा दोन्ही बाजूंनी पडतो आणि दोन्ही बाजूंना तो मान्य आहे. बंडी रिकामी होईतो शब्द बांधलेला नसतो, हा आमचा रिवाज. खरेदीदारानं बाजार उरकून जिनात यायचं, बंडीशी उभं राहून भांडायचं, आणि दिवस मावळायच्या आत शेतकऱ्याला मोकळं करायचं.

पण वांधा हा शब्द जिनाच्या आवारातला. पेढीत तो कोणी काढत नसे. माझ्याकडं वांधा पडला असं शेटजींसमोर म्हणायचं म्हणजे सकाळी माझा हात चुकला असं म्हणायचं, आणि खरेदीदाराजवळ हाताशिवाय दुसरं असतं काय? दसऱ्याला पेढीत पूजा व्हायची तेव्हा नवा कापूस ठेवून शेटजी प्रत्येकाला विचारायचे, "काय म्हनते हंगाम? वांधा नाई ना?" आणि प्रत्येकानं म्हणायचं, "नाई शेटजी." वर्षानुवर्षं हेच. साहेबांना आम्ही पूजेतलं उत्तर दिलं. त्यांनी ते चौकोनात शाईनं लिहून घेतलं.

"का" या शेवटच्या रकान्यात फारसं काही भरलंच गेलं नाही. मालकासमोर आपलं 'काहून', म्हणजे 'का', कोणी कशाला सांगेल.

हंगाम सुरू झाला आणि महिन्याभरात माझं आवार बंड्यांनी तुंबलं.

नवी पद्धत अशी की हर्रासातला भाव चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या संध्याकाळच्या आगगाडीनं बडनेऱ्याहून अकोल्याला पाठवायच्या. तिथं त्यांची कार्डं व्हायची. एका बंडीला एक कार्ड, एका कार्डावर एक भाव. पुढं भाव बदलायचा तर लाल कडेचं दुरुस्तीचं कार्ड, आणि त्यावर अकोल्याची सही. फोन लावला तर लाइन मिळेपर्यंत दुपार जायची, आणि मिळाली तरी पलीकडचा कारकून म्हणायचा, सही फोनवर होत नाही.

मग वांधा पडलेल्या शेतकऱ्यानं काय करायचं? थांबायचं. बैल सोडायचे, आवारातच चूल मांडायची, आणि उद्याच्या गाडीनं अकोल्याहून काय येतं त्याची वाट पाहायची.

अचलपूरकडचा एक म्हातारा माझा जुना शेतकरी. त्याच्या बंडीत तळाला थोडा ओला कापूस निघाला. फार नाही. आधीच्या दिवसांत आम्ही दोघांनी एकमेकांना दोन शिव्या दिल्या असत्या आणि तो दिवस मावळायच्या आत नदीपार गेला असता. मी त्याला म्हटलं, "बाबा, थांबा लागते. अकोल्याहून मंजुरी येईन."

त्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "भाव तुमी करून राहिले. मंग अकोल्याले कोनाले विचारता?"

"मशीनले."

"मशीननं कापूस पाह्यला का माहा?"

"नाई."

"मंग तुमी तं पाह्यला ना?"

"मी पाह्यला."

"तरी बी तुमचं नाई चालत?" त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि बैलांकडं पाहत राहिला. "मले वाटलं तुमी मोठे झाले असान आतालोक."

मी गुमास्त्यावर ओरडलो. आमचा गुमास्ता गरीब माणूस, जिनातली सगळी लिखापढी तो करायचा आणि माझा राग त्याच्यावर निघायचा हे त्याला सवयीचं होतं. म्हातारा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. पुढच्या खेपेला त्याची बंडी रस्त्यापलीकडच्या जिनात वळताना मी माझ्या फाटकातून पाहिली. त्यानं मला रामराम केला. मीही केला.

मी गप्प बसणारा नव्हतो. वांधे जुन्या रिवाजानं जागच्या जागी मिटवायला लागलो आणि दुसरी चिठ्ठी पाठवायला लागलो. पण यंत्रात एका बंडीला दोन भाव बसेनात. अकोल्याचा कारकून अशी कार्डं बाजूला काढून पेटीत ठेवायचा, निकाल लागायचा आहे म्हणून. तक्ता छापला जायचा तो उरलेल्या कार्डांचा. म्हणजे मी घेतलेला कापूस जिनात होता, त्याची रुई निघत होती, रुईचे बोजे बांधले जात होते, आणि अकोल्याच्या तक्त्यात तो कापूस जन्मालाच आला नव्हता. शिवाय थांबून कंटाळलेले शेतकरी खरोखरच दुसरीकडं जात होते. दोन्ही मिळून तक्त्यावर अमरावती दर आठवड्याला रोडावत गेली.

अकोल्याची ओळ मात्र भरदार. त्यांच्याकडं वांधे पडत नव्हते का? पडत होते, मी पाहिलेले आहेत. पण यंत्र त्यांच्या शेजारी, गाडी गाठायची घाई नाही. बंडी रिकामी होऊन भांडण मिटेपर्यंत अकोल्याचे खरेदीदार चिठ्ठीच लिहीत नसत. लिहायचे तो शेवटचाच भाव. तेल्हारा-बार्शीटाकळीचा माल अकोल्याच्याच जिनात रिकामा व्हायचा, म्हणून तेही तसंच करायचे. यंत्राच्या दृष्टीनं त्यांचा हात कधी चुकतच नव्हता.

संक्रांतीनंतर निरोप आला. अमरावतीचा जिन या हंगामानंतर बंद करायचा विचार आहे, कापूस तिथं घेऊन ट्रकनं अकोल्याला आणावा, बोलायला या. साहेबही मुंबईहून येणार होते.

निघायच्या दिवशी बायकोनं भाकरी बांधून देताना विचारलं, "भांडून येसान का?"

"मंग काय आरती करू?"

"भांडा. पन कायसाठी भांडून राहिले थे आधी ठरवा. तुमी बजारात जाता तं वांगे आनाले अन् भांडून आनता कोथिंबीर."

गाडीत बसल्यावर मी ते ठरवलं. मला जिन हवा होता. बाकी जे द्यावं लागेल ते द्यायचं, पण त्या पत्र्याखाली यंत्रं चालली पाहिजेत. तिथं कामाला येणाऱ्या बायकांना मी नावानं ओळखत होतो, त्यांतल्या अर्ध्या आमच्याच आळीतल्या. जिन बंद झाला असता तर मला अकोल्यात कुठंतरी बसवलं असतं. त्यांना कोणी बसवणार नव्हतं.

पेढीत पुन्हा तोच कागद पसरला होता. शेटजी लोडाला टेकून, धाकले शेट खुर्चीवर तक्ते घेऊन. अकोल्याचे खरेदीदार पान लावत होते. त्या सुमारास हेही सगळ्यांना माहीत होतं की पेढीचे मुख्य खरेदीदार, एक वृद्ध गृहस्थ, लवकरच काम सोडणार आणि त्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार. माझा हक्क थोडा जास्त, असं शेटजी स्वतः एकदा म्हणाले होते.

धाकल्या शेटांनी तक्ता वाचून दाखवला. आवाज न चढवता, नीट. अमरावतीला आवक घटते आहे, खर्च तोच आहे, असा जिन चालवण्यात अर्थ नाही.

मी म्हटलं, "माह्या आवारात कापसाचे ढीग लागून आहेत. येऊन पाहा."

"कार्डांत तर दिसत नाहीत."

"कार्डांत दिसत नाई, डोयानं दिसते."

"असं कसं चालेल? मग यंत्र कशाला आणलं?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि सरळ कागदावर चालत गेलो, अनवाणी पायांनी, 'कधी' या रकान्यातल्या भावाच्या चौकोनापर्यंत. साहेबांनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. कापसात फिरलेले पाय होते, डाग पडले असणार.

"साहेब," मी म्हटलं, "इथी एक चौकोन कमी आहे."

साहेब जवळ आले. माझ्या पायांकडं पाहिलं, मग मी बोट दाखवत होतो तिकडं. "कोणता?"

"भाव दोनदा ठरते. एकदा हर्रासात अन् एकदा जिनात. तुमी एकच लिहिला."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही सगळे शेवटचा म्हणालात."

"म्हनलो. शेटजी बसून होते समोर."

शेटजी लोडावरून सरळ झाले. "तुमच्याकडं वांधा पडते, अमरावतीवाले?"

त्या पेढीत तो शब्द पूजेशिवाय मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"रोज पडते, शेटजी. सगळीकडं पडते."

अकोल्याच्या खरेदीदारांनी पानाचा विडा मुडपून गालात सारला. "आमच्याकडं नाई पडत बाप्पा. हात पाहून घाला लागते."

कोणीतरी हसलं. मी त्यांच्या अंगावर गेलो असतो, पण बायकोचं बोलणं आठवलं. वांगी आणायची होती.

मी साहेबांशी बोलणं सुरू केलं. तासभर चाललं असेल. मला माझ्या सगळ्या आयुष्यात याहून कठीण गिऱ्हाईक भेटलं नाही. मी म्हटलं, एका बंडीला दोन कार्डं द्या, एक हर्रासाचं, एक रिकाम्या बंडीचं. ते म्हणाले, होईल. दुसरा भाव खरा धरा. होईल. आणि त्यावर सही माझी, अकोल्याची नाही. यावर ते थांबले. धाकल्या शेटांकडं पाहिलं. मी म्हटलं, "सहीचा चौकोन 'कोन' या रकान्यातला आहे ना साहेब? मंग जो बंडीपाशी उभा आहे त्याचं नाव लिहा. मुंबईले बसून मालूम पडत नाई, अकोल्याले बी नाई."

"हे बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि धाकल्या शेटांना त्यांनीच समजावलं. दोरा तिथंच तुटला होता म्हणून. मालकाला कापूस हवा आहे, आणि तिसऱ्या ओळीत काम करणारा माणूस सहीसाठी थांबतो आहे, म्हणून कापूस दुसरीकडं जातो आहे. यंत्राचा दोष नाही, आपण त्याला अर्धाच धंदा सांगितला.

"पण मग एक करावं लागेल," ते माझ्याकडं वळले. "प्रत्येक वांध्याच्या कार्डावर खरेदीदाराचं नाव पंच होईल. वर मालकांना कळायला हवं, कोणाकडं किती वेळा भाव बदलतो ते."

मला भाव दिसला. ते बोलत होते तो नियम होता आणि मला त्यात किंमत दिसत होती, ती मी द्यायची होती.

"नाव कायले? गावाचं टाका ना. अमरावती म्हना."

"गाव सही करत नाही हो."

"जिनाचा नंबर टाका."

"तुम्हीच आत्ता म्हणालात, जो उभा आहे त्याचं नाव. आता ते नको?"

त्यांनी माझ्याच मालानं मला धरलं. मी आणखी दोन वाटा काढून पाहिल्या. ते हलले नाहीत, आणि हलायला नको होतं हेही मला कळत होतं. मी त्यांच्या अंगठ्याकडं पाहिलं. पट्टीवर घट्ट दाबलेला होता.

"जिन चालू राहीन?" मी धाकल्या शेटांना विचारलं.

"पुढचा हंगाम पाहू."

"पाहू नाई. चालू राहीन का?"

शेटजीच म्हणाले, "राहीन. लिहा."

साहेबांनी स्वतः पेन घेतलं. जुन्या दोन चौकोनांच्या मधली रेघ फोडून नवा चौकोन काढला. त्यात 'वांधा' असं मराठीत लिहिलं. त्यांच्या त्या सगळ्या कागदावर आमच्या बोलीतला तेवढाच शब्द. चारही शाखांना नियम एकच झाला, पण पाळला एकानं.

पुढच्या हंगामात बंड्या परत आल्या. म्हातारा शेतकरीही आला. "चालून राहिलं का आता तुमचं?" म्हणाला. मी त्याच्या तळात थोडी कवडी काढली, त्यानं माझ्या बापाचा उद्धार केला, मी त्याच्या, आणि तो दिवस असताना घरी गेला. अमरावतीची ओळ तक्त्यावर पुन्हा भरली. यंत्र बरोबर बोलायला लागलं.

आणि जे बोलायचं ते सगळंच बोललं. दर महिन्याच्या तक्त्यात शेवटी वांध्यांची ओळ यायची. अमरावती, त्यापुढं माझं नाव, पुढं आकडा. तेल्हारा, कोरा. बार्शीटाकळी, कोरा. अकोला, कोरा. ते लोक अजूनही बंडी रिकामी झाल्यावरच चिठ्ठी लिहीत होते.

मुख्य खरेदीदार निवृत्त झाले त्या वर्षी धाकल्या शेटांनी हाच तक्ता पुढं ठेवला. त्यांना माझ्याशी काही वैर नव्हतं. त्यांच्यापुढं दोन नावं होती, एकापुढं आकडा आणि एकापुढं कोरी जागा. खुर्ची अकोल्याच्या खरेदीदारांना मिळाली. त्यांनी मला पेढा दिला आणि मी तो खिशात घातला. तो खिशातच वितळला.

मी शेटजींना एकटे असताना गाठलं. म्हटलं, "कोरी जागा म्हनजे कापूस चोख, असं नाई शेटजी. तोंड बंद, असं आहे थे. तुमाले मालूम आहे."

शेटजी तोवर फार थकले होते. पाय चेपून घेत पडले होते. "मालूम आहे मले," म्हणाले. "पन आता पोराच्या हाती देल्लं. मी त्यात हात नाई घालत." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुमचा जिन तं चालू आहे ना?"

चालू होता.

साहेब त्यानंतर एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर भेटले. नागपूरला निघाले होते. त्यांनी ओळखलं, हात पुढं केला. झालेलं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, कोऱ्या जागेलाही प्रश्न विचारायला हवा होता, 'का' या रकान्यात. तो रकाना आपण रिकामा सोडला.

"आपन?" मी म्हटलं.

"मी," ते म्हणाले. गाडी आली आणि ते चढले. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही, आणि नाही असंही म्हणवेना.

त्यानंतरच्या एका दुपारी मी वांध्याच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत जिनाच्या ओट्यावर बसलो होतो. हंगाम भरात होता, आवारात बंड्या उभ्या, आणि अंगावर, डोक्यात, चहात कापसाचे तंतू. गुमास्ता शेजारी उभा होता. त्याच्या मनात काहीतरी आहे हे मला दिसत होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"अकोल्यावानी करू ना आपन बी. आता पहिली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी देल्ली तरी चालते, कोनी विचारत नाई. बंडी खाली झाल्यावरच लिहू. शेवटचाच भाव. दोन-तीन महिन्यात तुमचं नाव साफ होईन."

तो माझ्या भल्याचं बोलत होता. मीही हे मनात घोळवलं नव्हतं असं नाही, रोज घोळवत होतो. खुर्ची गेली होती, पण खुर्चीवरच्यांनाही कधीतरी उठावं लागतं.

मी त्याला विचारलं, "चारी गावचे कोरे आले तं धाकले शेट काय म्हनतीन?"

तो विचार करू लागला.

"म्हनतीन, वांधा कोठीच पडत नाई. मंग हा चौकोन कायले? मंग थे दुसरं कार्ड कायले? पुसून टाका. मंग सही कोनाची?"

"अकोल्याची," गुमास्ता म्हणाला.

"अन् बंड्या?"

त्यानं आवाराकडं पाहिलं. एक जण जूवर बसून चिलीम ओढत होता, त्याची अर्धी बंडी रिकामी झाली होती. आत बायका कापूस ढकलत होत्या आणि त्यांचं बोलणं यंत्रांच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. रस्त्यापलीकडच्या जिनाचं फाटक उघडंच होतं.

पेढीच्या सगळ्या पसाऱ्यात वांधा पडतो हे सांगणारं एकच नाव होतं, आणि त्या नावावर तो चौकोन उभा होता, त्या चौकोनावर हा जिन. ज्यांचे हात माझ्याइतकेच चुकत होते ते वर बसले होते. मी इथं ओट्यावर, आपल्या हातानं आपलं नाव लिहीत. याचा मला तेव्हाही संताप येत होता आणि आजही येतो. मी कोणाला माफ केलेलं नाही.

"त्या बंडीचा तळ पाह्यला का?" मी विचारलं.

"पाह्यला. ओला आहे."

मी उठलो, धोतर झटकलं. भांडायला जायचं होतं.

"वांधा लिही," मी म्हटलं. "अन् नाव नीट लिहजो. मांगच्या खेपेले तुह्या अक्षरापायी कार्ड वापस आलं होतं."